धरून ठेवलेली खाट

माझं काम कुणाला समजावून सांगायचं झालं तर मी खाटेचंच उदाहरण देते, कारण मला स्वतःला ते खाटेवरूनच कळलं. सासूबाई फोनवर विचारतात, "तू तिथं कॉम्प्युटरवर नेमकं करतेस तरी काय गं?" मी सांगते, "एकाच वस्तूला दोघांनी एकदम हात घातला तर घोळ होऊ नये, त्याची सोय करते." त्यावर त्या म्हणतात, "म्हणजे आपल्या नळावरच्यासारखं." जवळजवळ तसंच.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावातली. नववीनंतर शाळा सुटली. आई अंथरुणाला खिळली होती आणि घरात थोरली मीच. कुणी जबरदस्ती केली नाही, पण जाऊ दे तिला शाळेत, असंही कुणी म्हटलं नाही. नवरा फौजेत. त्याच्या बदल्यांमागं फिरत आम्ही लखनौला आलो आणि मग त्याची नेमणूक सीमेवर झाली, जिथं बायकामुलांना नेता येत नाही. मी आणि मुलगी इथंच छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहिलो. मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. "जेवलीस का?" म्हटलं की "हाँ मम्मी, कब का." तिला ओरडण्यात अर्थ नाही, मीच भाजीला सब्जी म्हणायला लागलेय.

छावणीतल्या बायकांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग होता, तिथं मी टायपिंग शिकले. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी हजरतगंजच्या मागच्या गल्लीतल्या एका छोट्या ऑफिसात माझं नाव सांगितलं. तिथं दवाखाने, शाळा, धर्मशाळा असल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतात. मालकीण एक मॅडम, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. सुरुवातीला माझं काम माहिती भरायचं आणि नवा प्रोग्राम दाबून बघायचं, कुठं अडतोय का ते. मी खूप प्रश्न विचारायची. एक दिवस मॅडम म्हणाल्या, "इतना पूछती हो तो सीख ही लो." आणि त्या शिकवायला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून, माझ्या चुका मलाच शोधायला लावत. त्यांचे माझ्यावर किती उपकार आहेत हे त्यांना सांगायला गेलं तर त्या हात झटकून टाकतात, म्हणून इथं लिहितेय.

मला मुळात काळजी करायची सवय. गॅस बंद केलाय का बघायला मी जिन्यावरून परत वर जाते. ऑफिसात कुणी माझं नाव जरा मोठ्यानं घेतलं की आपलं काय चुकलं ते मी आधी शोधायला लागते. म्हणून त्या हिवाळ्यात मॅडमनी मला आत बोलावलं तेव्हा मी आधीच घाबरलेली होते, आणि त्यांनी जे सांगितलं ते घाबरण्यासारखंच होतं. माहिती भरायचं काम आता संपत आलंय, लोक आपापल्या फोनवरून भरतात. यापुढं ऑफिसात ठेवता येईल ते प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच. "एक काम देती हूँ. ये तुमसे हो गया तो तुम यहीं रहोगी. नहीं हुआ तो मैं झूठी तसल्ली नहीं दूँगी." त्यांचा हा सरळपणा मला आवडतो. त्या दिवशी मात्र आवडला नाही.

काम धर्मशाळेचं होतं. इथल्या एका मोठ्या इस्पितळाजवळ पेशंटच्या नातेवाइकांसाठी एक जुनी धर्मशाळा आहे. बहराइच, गोंडा, सीतापूर, कुठून कुठून लोक येतात. पेशंट वॉर्डात, आणि बरोबरचा माणूस कुठं झोपणार? त्याच्यासाठी तिथं हॉलमध्ये लोखंडी खाटा आहेत. खाट मिळायच्या खिडक्या दोन. एक धर्मशाळेच्या दारात, तिथं म्हातारे व्यवस्थापक बसतात. त्यांना सगळे बाबूजी म्हणतात. दुसरी इस्पितळाच्या आत, तिथं एक दीदी बसते. पूर्वी बाबूजींकडं भिंतीवर खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एका खाटेचा पितळी बिल्ला. दीदीकडं कुणी आलं तर ती बाबूजींना फोन करून विचारायची. मग आमच्या ऑफिसचं सॉफ्टवेअर बसलं आणि दोन्ही खिडक्यांवर सगळ्या खाटा दिसायला लागल्या.

आणि एक दिवस गोंड्याचं एक कुटुंब वॉर्डातून परत आलं तर त्यांच्या खाटेवर दुसरंच कुटुंब गाठोडं सोडून बसलेलं. दोघांकडं चिठ्ठी, दोघांची चिठ्ठी खरी. हमरीतुमरी झाली, एक बाई रडायला लागली. आठवडाभरात परत तसंच. बाबूजींनी मॅडमना फोन केला. आवाज चढवणारे ते नव्हेत. "मोहतरमा, एक बार और हुआ तो मैं अपने बिल्ले वापस टाँग दूँगा. मशीन आप ले जाइएगा."

हे असं का झालं ते थोडं सांगायला हवं.

डेटाबेसमध्ये प्रत्येक खाटेची एक ओळ असते. खाटेचा नंबर, कुठला हॉल, रिकामी की भरलेली, कुणाच्या नावावर. प्रोग्राम लिहिणाऱ्याला थेट त्या ओळीशी झटापट करावी लागू नये म्हणून मधे एक थर असतो. तो ओळ उचलून आणतो आणि आपल्या हातात एक वस्तू म्हणून देतो. खाट नावाची वस्तू. तिच्यावर नाव लिहायचं, जतन कर म्हणायचं, की तो थर जाऊन मूळ ओळीत लिहून येतो. मी शिकताना मला हे फार छान वाटलं होतं. जणू खाटच हातात. पण हातात असते ती नक्कल. उचलली त्या क्षणाची. त्यानंतर मूळ ओळीत कुणी काही बदललं तर नकलेला त्याचा पत्ता नसतो.

घरापासून लांब राहणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. आई हळूहळू अंथरुणातून उठून चालायला लागली होती, काठी टेकत. मी अमीनाबादच्या बाजारात गेले तेव्हा तिच्यासाठी एक चांगली काठी बघून घेतली, मुठीला पितळी कडं असलेली, आणि सुट्टीत न्यायची म्हणून कपाटामागं उभी करून ठेवली. मग एकदा भाऊ फोनवर सहज म्हणाला, "अगं, काठी कधीच सोडली तिनं." माझ्याकडची आई जुनी झाली होती. इतकं बरं वाटलं, आणि थोडं वाईटही.

तर धर्मशाळेत व्हायचं ते असं. बाबूजींनी खाट उघडली, त्यांना रिकामी दिसली. तेवढ्यात दीदीनं तीच खाट उघडली, तिलाही रिकामी दिसली. बाबूजींनी नाव लिहून जतन केलं. दीदीनं तिच्या नकलेवर दुसरं नाव लिहून जतन केलं. आधीचं नाव पुसलं गेलं आणि कुणालाच काही कळलं नाही.

आमच्या ऑफिसात एक सीनियर मुलगा आहे, इथलाच, जुन्या लखनौतल्या चौकचा. हुशार आणि तोंडाचा फटकळ. मला भाभीजी म्हणतो. त्यानं मला फळ्यावर दोन रकाने काढून दाखवले.

"देखिए भाभीजी, दो तरीके हैं. एक ऑप्टिमिस्टिक. मान के चलो कि टक्कर नहीं होगी. दोनों को काम करने दो, आखिर में चेक करो. किसी ने बीच में लाइन बदल दी हो तो दूसरे को बोलो, सॉरी, फिर से करो."

"आणि दुसरा?" मी विचारलं. घाईत माझ्या तोंडून मराठीच आलं.

"दूसरा पेसिमिस्टिक. मान के चलो कि टक्कर होगी ही होगी. तो लाइन उठाते ही उसपे लॉक. जब तक मेरा काम नहीं हुआ, दूसरा बाहर खडा रहे." मग माझ्याकडं बघून हसला. "ये तो आपके लिए ही बना है. आप तो पैदाइशी पेसिमिस्टिक हैं. मॅडम, भाभीजी छाता लेके आई हैं आज. दिसंबर में."

मी छत्री आणली होती हे खरं होतं.

त्याचं स्वतःचं मत पहिल्या पद्धतीकडं होतं. बहुतेक ठिकाणी तीच वापरतात, कुणाला ताटकळत राहावं लागत नाही. मी फळ्यावरच्या पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं. मग विचारलं की ते सॉरी म्हणायचं कुणाला? कॉम्प्युटरला काय, तो परत पहिल्यापासून करेल. पण खिडकीपुढं उभा असलेला माणूस? त्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं, कोण आजारी आहे ते सांगितलं, त्याला वाटलं झालं आता, पाठ टेकायला जागा मिळाली. आणि शेवटी म्हणायचं, माफ करा, गेली. त्यापेक्षा आधीच कळलेलं बरं.

तो डोकं खाजवत म्हणाला, "हाँ यार, ये पॉइंट है."

मॅडम आपल्या टेबलावरूनच म्हणाल्या, "इसीलिए ये काम उसको दिया है. इसमें डरनेवाला आदमी चाहिए."

मी ते करायला घेतलं. लॉक घालायचं म्हणजे काही डोंगर उचलायचा नव्हता. त्या मधल्या थराला सांगायचं, ही ओळ मला दे आणि माझं होईस्तोवर दुसऱ्या कुणाला देऊ नको. एका ठिकाणचा बदल. बाबूजींनी खाट उघडली की लॉक पडणार, जतन केली की सुटणार. सीनियरनं तपासलं, मॅडमनी बघितलं. आम्ही ऑफिसात दोन कॉम्प्युटर शेजारी ठेवून एकदम बटणं दाबली. नावाच्या जागी अआइई लिहायचो आणि जतन करायचो. एकाचं झालं की लगेच दुसऱ्याचं उघडायचं आणि त्यात भरलेली खाट भरलेलीच दिसायची. मला त्या दिवशी भूक लागली, बऱ्याच दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धर्मशाळेत जाऊन बाबूजींच्या बाजूला स्टूल टाकून बसले. चारबाग स्टेशनला गाड्या आल्या की माणसं ई-रिक्षातून थव्यानं येतात. पहिलं एक म्हातारं जोडपं आलं. बाबूजींनी चष्मा सारखा केला, खाटांच्या यादीतून एक खाट उघडली, आणि कॉम्प्युटरवरचा हात काढून म्हणाले, "बैठिए. पहले पानी पीजिए."

पाणी आलं. "कहाँ से आना हुआ?"

म्हातारबाबांनी बहराइचपासून सुरुवात केली. मुलाला ताप कसा आला, आधी कोणत्या डॉक्टरकडं नेलं, त्यानं काय सांगितलं, जीप कुणाची मिळाली. बाबूजी ऐकत होते. खरोखर ऐकत होते, मधे विचारतही होते, "फिर?" खाट उघडीच होती. लॉक पडलेलंच होतं.

आतल्या खिडकीवरून दीदीचा फोन. "ये तो घूमे जा रहा है. दबा रही हूँ, कुछ आ ही नहीं रहा."

तिला यादीत पहिली रिकामी म्हणून तीच खाट मिळत होती आणि तिचा कॉम्प्युटर इमानदारीत बाहेर उभा राहून वाट बघत होता. बाकीच्या खाटा रिकाम्या असून उपयोग नव्हता. थोड्या वेळानं डेटाबेसनं वाट बघायचं सोडलं आणि तिच्या स्क्रीनवर इंग्रजीतली लालभडक ओळ आली. तिनं परत दाबलं, परत तेच. तिच्याकडं रांग लागली.

मी बाहेर येऊन सीनियरला फोन केला. तो म्हणाला, "उनको बोलिए न, पहले एंट्री कर लें, गपशप बाद में."

मी आत गेले सांगायला. म्हातारबाबा त्या वेळी जीपमधून उतरल्यावर मुलगा काय बोलला ते सांगत होते आणि म्हातारी पदराचं टोक धरून बसली होती. माझ्यानं नाही सांगवलं. शेवटी एक खंड पडला तेव्हा मी बाबूजींना हळूच विचारलं, की खाट आधी का उघडता? बोलणं झाल्यावर उघडली तर नाही चालायचं?

ते म्हणाले, "बिटिया, पहले मैं बिल्ला कील से उतारके हाथ में ले लेता था. सामनेवाला देख लेता था कि जगह है, मेरी है. तब जाके बैठता था. जिसको मालूम ही नहीं कि रात को कहाँ सोएगा, उससे क्या नाम पूछोगी, क्या गाँव?"

म्हणजे चूक त्यांची नव्हतीच. आम्ही ऑफिसात अआइई लिहून बघितलं होतं. अआइईला ताप येत नाही, त्याला पाणी लागत नाही.

दीदीच्या खिडकीवर आवाज चढायला लागले होते. मी प्रोग्राम बंद केला आणि म्हणाले, बाबूजी, आजच्या दिवस बिल्ल्यांनीच चालवा. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ड्रॉवर उघडून बिल्ले काढायला लागले. ते एकेक बिल्ला खिळ्याला टांगताना बघणं मला फार लागलं.

मेट्रोनं हजरतगंजला परत येताना मी मनातल्या मनात सामान बांधलं. नोकरी गेली म्हणजे इथं एकटीनं राहायचं कारणच काय, सासरी जावं लागणार, मुलीची शाळा वर्षाच्या मधे बदलायची. नवऱ्याला काय सांगायचं? त्याचा फोन लागतो आठवड्यातून एखाद्या वेळी, त्यात हे? मुलीला मेसेज केला, काम बिघडलं. तिचं उत्तर, "मम्मी, आप हर बार यही बोलती हो." पुढं एक तोंड वेडावणारं चित्र.

मॅडमपुढं उभी राहिले आणि सांगायला सुरुवात केली की लॉक सुटत नव्हतं, दुसरी खिडकी अडकली, मी बंद करून आले. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"वो छोडो. वहाँ क्या देखा, वो बताओ."

मग मी पाणी, बहराइच, जीप, बिल्ला हातात घ्यायची पद्धत, सगळं सांगितलं. सीनियरही खुर्ची ओढून जवळ आला. माझं सांगून झाल्यावर मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.

"हमने दो चीजें मिला दीं," त्या म्हणाल्या. "डेटाबेस की मुट्ठी और बाबूजी की मुट्ठी. डेटाबेस की मुट्ठी पलक झपकने भर की होनी चाहिए. बाबूजी की जितनी देर की वो चाहें."

पुढचे काही दिवस आम्ही तिघं त्याच्यावर बसलो. लिहिलं मी, पण शेजारी कुणी ना कुणी होतंच. आता बाबूजींनी खाटेवर बोट ठेवलं की प्रोग्राम ती ओळ लॉक घालून उचलतो, खरंच रिकामी आहे ना ते बघतो, तिच्यावर लिहितो की ही दारातल्या खिडकीनं धरली आहे, जतन करतो आणि लॉक सोडून देतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. त्यानंतर बाबूजींनी हवं तेवढं बोलावं. डेटाबेस मोकळा, पण खाट धरलेली. दीदीला ती यादीत दिसते आणि शेजारी लिहिलेलं दिसतं, बाबूजींच्या हातात आहे. सीनियरनं त्यात भर घातली की रिकामी खाट शोधताना जिच्यावर त्या क्षणी दुसऱ्याचं लॉक असेल तिच्यापाशी उभंच राहायचं नाही, ती सोडून पुढची बघायची.

वाद झाला तो एकाच गोष्टीवर. धरलेली खाट किती वेळ धरायची? सीनियर म्हणाला, वेळ ठरवा, वेळ संपली की आपोआप सुटली पाहिजे. नाहीतर कुणी खाट धरून वॉर्डात पळाला आणि आलाच नाही तर ती दिवसभर अडकली. त्याचं बरोबर होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं ते म्हातारबाबा होते. ते जीपपर्यंत पोहोचले आणि खाट सुटली तर?

"तो मशीन पूछ ले न," मॅडम म्हणाल्या. "छोडने से पहले एक बार पूछे, अभी हाथ में है क्या?"

"और पूछे ढंग से," सीनियर म्हणाला. "लखनऊ है. लाल अक्षरों में नहीं."

तसं केलं.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा बाबूजींनी मला नमस्ते केलं, पण बिल्ले खिळ्यांवर होते आणि त्यांनी ते काढले नाहीत. म्हणाले, "आज देख लेते हैं." मला माहीत होतं, आज नाही तर परत नाही. माझ्यासाठीही नाही.

सकाळ नीट गेली. बाबूजी बोलत होते, दीदी पुढच्या खाटा देत होती, फोन एकदाही वाजला नाही. मला तर स्टुलावरून उठायची भीती वाटत होती, उठले की काहीतरी मोडेल. दुपार व्हायला आली तशा खाटा भरत गेल्या. बायकांच्या हॉलमध्ये एकच उरली.

तेव्हा एक तरुण बाई आली, कडेवर पोर. सीतापूरची, सासरे वॉर्डात. बाबूजींनी ती खाट धरली, पाणी मागवलं. आणि लगेच आतल्या खिडकीवरून फोन वाजला. मी स्टुलावरून अर्धी उठलेच.

फोन बाबूजींनी घेतला. दीदीचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बाबूजी, लेडीज में आखिरी वाली आपके हाथ में दिखा रहा है. मेरे पास एक अम्मा बैठी हैं, अकेली हैं, बहुत बूढी. आप दे रहे हैं क्या किसी को?"

"दे रहा हूँ," बाबूजी म्हणाले. मग जरा थांबून, "बहुत बूढी हैं?"

समोरच्या बाईनं पोराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "कौन है? कोई बुजुर्ग हैं क्या? तो उनको दे दीजिए, हम बरामदे में पड रहेंगे."

"बच्चा लेके बरामदे में? इस ठंड में?" बाबूजी तिच्यावर जवळजवळ खेकसलेच.

"तो फिर बुला लीजिए उनको," ती म्हणाली. "दोनों आ जाएँगे. ये तो इत्ता सा है, बीच में सो जाएगा. लात मारता है, बस इतना बता दीजिए अम्मा को."

बाबूजींनी अम्मांचं नाव विचारून घेतलं आणि फोनवर तसंच सांगितलं, लाथेसकट. तिकडून कुणाचं तरी दात नसलेलं हसू ऐकू आलं.

फोन ठेवून ते माझ्याकडं वळले. "अब बोलो बिटिया. एक खाट, दो नाम. इसी बात पे तो मैंने झगडा किया था."

प्रोग्रामला एका खाटेवर दोन नावं चालत नव्हती. ती चालू नयेत म्हणूनच तर मी इतके दिवस जीव टाकला होता. आणि आता दोन नावं समोर आली होती आणि दोन्ही खरी. मी कसंबसं म्हणाले, "नाम एक ही लिख पाएँगे बाबूजी. दूसरा... शेरे में लिख देते हैं." शेऱ्याला हिंदीत काय म्हणतात ते त्या क्षणी आठवलंच नाही, म्हणून स्क्रीनवरच्या त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"यहाँ?"

"यहाँ. वॉर्ड से बुलावा आए तो दोनों मिलनी चाहिए."

त्यांनी एकेक अक्षर शोधत स्वतः लिहिलं. अम्मांचं नाव वर, सीतापूरच्या बाईचं शेऱ्यात. तसं तिनंच सांगितलं. मग जतन केलं. मग त्यांनी आपला मोबाइल काढला, लांब धरून नंबर शोधला आणि माझ्यासमोरच मॅडमना लावला. मी उठून बाहेर जावं की बसावं, कळेना.

"मोहतरमा, आदाब. नहीं नहीं, झगडा नहीं. एक खाट पे दो औरतें हैं इस वक्त." मी डोळे मिटले. "अजी सुनिए तो. वो पहलेवाली बात नहीं है. तब किसी को खबर ही नहीं थी कि दूसरा भी है. अब खबर हुई, पूछा गया, तब हुआ. हाँ. मशीन रहने दीजिए. और आइंदा इन्हीं को भेजा कीजिए, ये बैठके देखती हैं."

त्यांचं झाल्यावर माझा फोन वाजला. मॅडम.

"सुन लिया न?"

"हो... हाँ मॅडम."

"परसों गोमतीपार की एक और धर्मशाला देखने चलना है, वहाँ तीन खिडकियाँ हैं. और तुम्हारी नौकरी की चिट्ठी बनवा रही हूँ, पक्की वाली. आधार की कॉपी ले आना."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, शाळा सोडल्याचा दाखला लागेल? स्कूल छोडने का... वो मेरे पास नववी का है."

मग त्या म्हणाल्या, "उसका मैं क्या करूँगी?"

मी काहीतरी उत्तर दिलं असेल. आठवत नाही. नाक पुसत बायकांच्या हॉलमध्ये गेले, कारण दुसरीकडं कुठं जायचं ते सुचत नव्हतं. अम्मा पोचल्या होत्या. खाटेच्या एका कडेला अगदी अंग चोरून बसल्या होत्या, जणू दुसऱ्याच्या घरी आल्यासारख्या, आणि पोर त्यांच्या मांडीवरची पिशवी उघडायच्या मागं लागलं होतं. खाट दारासमोर होती. दार उघडलं की थंड वारा थेट त्यांच्या पाठीवर.

"इसको उधर कर दें? दीवार के पास?" सीतापूरची बाई मला म्हणाली. मी इथलीच कुणी नोकर असेन असं तिला वाटलं असावं.

खाट जड होती. अम्मांनाही हात लावायचाच होता, त्या ऐकेनात. आम्ही तिघींनी मिळून ती उचलली आणि भिंतीकडं नेली.